बी विंगची नहाणी पुन्हा तुंबली

सोसायटी ग्रुप, मोशी. रविवार.

शिंदे काकू (बी-१०४), ७:५२
नमस्कार. बी विंगच्या ०४ लाइनमधल्या सर्वांसाठी. पहाटेपासून आमच्या ड्राय बाल्कनीच्या नहाणीतून पाणी उलटं येतंय. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं, गव्हाचं पोतं खालून भिजलं. प्लंबर येईपर्यंत वरच्यांनी मशीन लावू नका ही विनंती.

नितीन (बी-६०४), ७:५८
सॉरी काकू, आमचं चालू होतं. बंद केलं.

गायकवाड, खजिनदार (बी-५०४), ८:०३
लाइनच चुकीची टाकलीय. पार्किंगच्या वर आडवी वळते तिथे उतारच नाही. मी एजीएममध्ये बोललो होतो. तेव्हाच्या कमिटीने ऐकलं नाही.

कुलकर्णी (ए-२०२), ८:०५
तेव्हा सेक्रेटरी मी होतो. कुठल्या एजीएममध्ये बोललात? मिनिट्स काढून दाखवा.

गायकवाड, ८:०६
मिनिट्स लिहायचं काम कोणाचं होतं?

सेक्रेटरी (सी-३०१), ८:१०
दोघांना विनंती, सकाळी सकाळी नको. प्लंबर गेटवर आलाय.

शिंदे काकू, ९:४०
[फोटो]
आडव्या पाइपातून हे निघालं. परातभर. पांढरे चिकट गोळे, त्यात केस आणि कपड्यांचे तंतू अडकलेले. प्लंबर म्हणतो हा साबण आहे. १८०० रुपये घेतले. कोण देणार?

गायकवाड, ९:४४
साबण म्हटल्यावर विचारायचं कोणाला हे सगळ्यांना माहीत आहे. बी-४०४ मध्ये घरगुती डिटर्जंटचा कारखाना आहे. गच्चीवर रिठे वाळत असतात, आमच्या सोलरच्या टाकीजवळ.

वैशाली (बी-४०४), ९:५१
गायकवाड दादा, कारखाना नाही. महिन्याला दहा लिटर करते. घरी लागतं तेवढं ठेवते, बाकी ज्यांनी मागितलं त्यांना देते. पैसे घेत नाही, रिकामी बाटली आणा एवढंच म्हणते. तेलाच्या साबणाची वडी किसून, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बाजारच्या पावडरीने माझ्या मुलाच्या मानेवर पुरळ यायचं, आता येत नाही. म्हणून करते.

पल्लवी (सी-५०२), ९:५४
वैशालीचं लिक्विड खरंच छान आहे. कपडे मऊ राहतात. उगाच कोणाला टार्गेट करू नये.

गायकवाड, ९:५५
तुमची विंग वेगळी आहे पल्लवी ताई. पाणी काकूंच्या घरात आलंय.

शिंदे काकू, ९:५७
मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. १८०० कोण देणार एवढंच विचारलंय.

पाटील आजोबा (ए-१०१), १०:०२
आमच्या गावी परीट साजीखार घालून कपडे भट्टीत लावायचा. धोतर बगळ्यासारखं पांढरं. लाइन तुंबायचा प्रश्नच नव्हता कारण लाइनच नव्हती.

नितीन, १०:०३
आजोबा 😂

नितीन, १०:०४
वडी किसून म्हणजे खिसणीने ना? साबुदाण्याच्या खिचडीला काकडी किसतात ती वेगळी ठेवली आहे का ताई?

वैशाली, १०:०६
वेगळी आहे. आणि हा हसण्याचा विषय नाही नितीन.

देशमुख सर (सी-१०३), १०:२५
मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांब लिहितो. काकूंचा फोटो मोठा करून पाहिला. पाइपातला गोळा हा साबण राहिलेला नाही, तो साबणाचा साका आहे. आपल्याकडे नळाचं पाणी एक दिवसाआड. बाकी बोअर आणि टँकर. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तेलाच्या साबणाला धरतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते ती हीच. ड्रममध्ये, रबराच्या गॅस्केटमध्ये आणि पाइपात तेच बसतं. बाजारातली पावडर हा साबण नसतो. तिच्यातला फेस करणारा पदार्थ जड पाण्यात असा साका धरत नाही. त्यामुळे वैशालीच्या कृतीत खोट नाही, पण आपल्या पाण्यात ती चालत नाही. आणि एकट्या तिच्या बाटलीने परात भरेल असं मला वाटत नाही. आंघोळीचा साबणही तेच करतो.

सेक्रेटरी, १०:२८
सर, नेहमीप्रमाणे नेमकं. धन्यवाद.

वैशाली, १०:३१
सर, पण मी सोडा घालते ना? सोड्याने पाणी मऊ होतं असं तुम्हीच मागे कोजागिरीला म्हणाला होता.

देशमुख सर, १०:३७
होतं. सोडा कॅल्शियमला खडूच्या भुकटीसारखं खाली बसवतो. पण तो पाण्यात आधी पडायला हवा आणि पुरेसा हवा. तू सोडा आणि साबण एकत्र शिजवतेस, मग झाकणभर मशीनमध्ये. तीस-चाळीस लिटर जड पाण्याला तेवढा सोडा पुरत नाही. पाणी जिंकतं.

गायकवाड, १०:३९
म्हणजे चूक झालीच ना. हेच मी म्हणत होतो.

कुलकर्णी, १०:४०
तुम्ही उताराबद्दल म्हणत होता. आता साबण झाला का?

गायकवाड, १०:४१
दोन्ही.

शिंदे काकू, १०:४५
दोन्ही असू दे. १८०० कोण देणार?

ओंकार (ए-४०३), ११:१२
सर, मी करून बघितलं.
[फोटो]
डावीकडे फिल्टरचं आरओ पाणी, उजवीकडे आज नळाला आलेलं टँकरचं. दोन्हीत वडीचा सारखाच कीस, दोन्ही बाटल्या वीस वेळा हलवल्या. आरओमध्ये चार बोटं फेस. टँकरच्या पाण्यात फेस जवळजवळ नाहीच, पाणी दुधासारखं आणि वर फुटक्या दह्यासारखे कण.

देशमुख सर, ११:१५
शाब्बास ओंकार. हा प्रयोग सगळ्यांनी घरी करावा. आता उजव्या बाटलीत अर्धा चमचा धुण्याचा सोडा टाकून हलव आणि मग पुन्हा थोडा कीस टाक.

ओंकार, ११:२४
[फोटो]
फेस आला! तळाला पांढरं बसलंय.

वैशाली, ११:२६
😮 मग मी दोन वर्षं उलट्या क्रमाने करत होते.

स्नेहा (बी-२०४), ११:२९
सर, धुण्याचा सोडा नसेल तर खायचा सोडा चालेल का? घरी अर्धा किलो पडून आहे.

देशमुख सर, ११:३३
खायचा सोडा सौम्य, या कामाला कमी पडतो. कोरडा खूप तापवला तर त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडाच उरतो. पण त्यासाठी गॅस कशाला जाळायचा? वाण्याकडे धुण्याचा सोडा मिळतो. हात कोरडे पडतात, हातमोजे घाला. आणि रेशीम, लोकर यांना सोडा लावू नका, धागा खराब होतो.

पाटील आजोबा, ११:३८
आळंदीला इंद्रायणीत फेस येतो तो कोणाच्या वडीचा? वारकरी त्यातच स्नान करतात. नातवाला दाखवायला नेलं तर तो म्हणाला बर्फ पडलाय. तेव्हा कोणी ग्रुपवर एवढी चर्चा केली नाही.

पल्लवी, ११:४०
अगदी बरोबर बोललात आजोबा. म्हणूनच मी केमिकल सोडलं. मी बायोएन्झाइमने कपडे धुते. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने.

सेक्रेटरी, ११:४१
पल्लवी ताई, डक्टमध्ये जी बाटली फुटली होती ती हीच का? हाउसकीपिंगच्या मुलाने दोन दिवस वास काढला.

पल्लवी, ११:४३
ती एकदाच. पहिला महिना रोज झाकण उघडून गॅस सोडायचा असतो. आम्ही कोकणात गेलो होतो.

गायकवाड, ११:४४
डक्ट कॉमन एरिया आहे. ठराव आहे.

पल्लवी, ११:४८
सॉरी म्हटलं होतं तेव्हाच. आणि हो, नुसत्याने कॉलर निघत नाही म्हणून मी आता बायोएन्झाइममध्ये थोडं ब्लीच टाकते, मस्त पांढरं होतं.

देशमुख सर, ११:४९
पल्लवी, थांब. आजपासून बंद कर.

देशमुख सर, ११:५३
सगळ्यांनी हे वाचा. बायोएन्झाइम आंबट असतं, म्हणजे आम्ल. ब्लीचमध्ये कोणतंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर असो, लिंबू असो, टॉयलेट धुण्याचं ॲसिड असो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ब्लीच वापरायचं तर नुसत्या पाण्यात, एकटं, खिडकी उघडी ठेवून.

स्नेहा, ११:५८
सर, आमच्या मावशींना परवा बाथरूम धुताना जोरात ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. त्यांनी ॲसिड टाकून वर ब्लीच ओतलं होतं. मला वाटलं सर्दी असेल. मी त्यांना तसंच पुढच्या कामाला जाऊ दिलं.

देशमुख सर, १२:००
आत्ता फोन करा. दम लागत असेल, छातीत जड वाटत असेल तर डॉक्टरकडे न्या. आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.

स्नेहा, १२:०९
केला. बऱ्या आहेत. म्हणाल्या, ताई, तुम्हीच म्हणाला होता चकाचक पाहिजे. फार वाईट वाटलं.

पल्लवी, १२:११
सर, माहीत नव्हतं. बाटली बाजूला ठेवली. बायोएन्झाइममध्ये सोडा तरी चालेल ना?

देशमुख सर, १२:१४
धोका नाही, पण उपयोगही नाही. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. फसफसतं म्हणून काम करतंय असं वाटतं. तुझं बायोएन्झाइम फरशीला वापर.

गायकवाड, १२:२०
हे सगळं ठीक. पण मूळ मुद्दा असा की घरी असले उद्योग करूच नयेत. उद्या कोणी कॉस्टिक सोडा आणि डिटर्जंटला लागणारी ॲसिड स्लरी आणून बाल्कनीत घोटत बसेल.

वैशाली, १२:२६
दादा, मी कॉस्टिकला हात लावत नाही, घरात लहान मूल आहे. आणि उद्योगाचं म्हणाल तर करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादला घराच्या अंगणातच पावडर करायला सुरुवात केली, सायकलवरून विकली. त्याची निरमा झाली. तेव्हा त्यांच्या सोसायटीने असं बोलायला हवं होतं का?

देशमुख सर, १२:३०
ते केमिस्ट होते वैशाली, आणि त्यांची पावडर तेलाच्या साबणाची नव्हती. पण गायकवाडांचं कॉस्टिकबद्दलचं म्हणणं रास्त आहे. रविवार पेठेतून किट आणून करणारे मी पाहिलेत. चष्मा नाही, हातमोजे नाहीत, कॉस्टिकवर पाणी ओततात. ते उकळून अंगावर उडतं. स्वयंपाकघरात ते नकोच.

शिंदे काकू, १२:३४
सर, तुमच्यामुळे खूप समजलं. पण १८०० कोण देणार?

कुलकर्णी, १२:३६
सोसायटी फंडातून द्या. कॉमन लाइन आहे.

गायकवाड, १२:३७
फंडात टँकरचं बिल भागत नाही. वापरणाऱ्यांनी द्यावं. आमच्याकडे पहिल्यापासून बाजारची पावडर आहे, आमचा संबंध नाही.

वैशाली, १२:५०
काकू, माझ्यामुळे तुमचे गहू भिजले, त्याची मनापासून माफी मागते. खाली येऊन पोतं पसरायला मदत करते. आजपासून वडी बंद. रिठ्याचं मात्र चालू ठेवणार. दहा-बारा रिठे बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून चोळून गाळायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतं. सर, याचा साका होत नाही ना?

देशमुख सर, १२:५३
नाही. साड्यांना उत्तम. ऑफिसच्या कॉलरीचा मळ आणि तेलाचे डाग याने पूर्ण निघणार नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका. मुलाच्या कपड्यांना वापर आणि दोनदा खळबळून काढ. पुरळ पुष्कळदा राहिलेल्या पावडरीने उठतं.

वैशाली, १२:५८
वडीची बाटली आमच्यासह ०४ लाइनमधल्या सहाही घरांत आहे, २०४ ते ७०४. प्रत्येकी ३०० होतात. मी माझे काकूंना पाठवले.

नितीन, १:०२
पाठवले. आणि काकडीचं बोललो त्याबद्दल सॉरी ताई.

स्नेहा, १:०३
माझेही गेले.

बी-३०४, १:१०
दिले.

बी-७०४, १:१५
👍 पाठवले.

सेक्रेटरी, १:२१
टँकर आलाय. खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?

शिंदे काकू, १:४०
१५०० जमा झाले, सर्वांची आभारी आहे. सहावं घर राहिलं.

गायकवाड, १:४२
सहाही घरांत आहे हे कोणी ठरवलं? मी आधीच लिहिलंय.

शिंदे काकू, १:४३
सहावं घर राहिलं.

सुवर्णा गायकवाड (बी-५०४), १:५६
काकू, बाटली मीच घेते, दर महिन्याला. यांना सांगितलं नव्हतं. ३०० पाठवलेत, बघा आले का. आणि वैशाली, रिठ्याचं केलंस की मला आवाज दे.