मदत हवी आहे: 'बुक सहा, प्रकरण आठ' कुठे आहे? रविवारी डेडलाइन

चैत्रपालवी (शुक्र., रात्री ९:४०)
एका ऑनलाइन साहित्याच्या कोर्सला नाव घातलं आहे. त्यात एक गाजलेली फँटसी मालिका अभ्यासाला आहे. या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये 'बुक सहा, प्रकरण आठ' बारकाईने वाचून लिहायला सांगितलंय. माझ्याकडे पूर्ण सेट आहे आणि त्यात तीनच पुस्तकं आहेत! तिसऱ्यातलं आठवं प्रकरण वाचलं, तर त्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. कोर्सच्या चर्चेत विचारलं, तिथे कुणी दाद देत नाही. सिनेमे तिन्ही पाहिलेत, त्यामुळे गोष्ट माहीत आहे. कृपया लवकर सांगा.

कोकणकडा (९:४८)
कुठली मालिका ते तर सांगा. आणि प्रश्न काय आहे?

ग्रंथकीटक (९:५५)
सहा पुस्तकं म्हणजे नक्की अर्थसी. उर्सुला ले ग्विन यांची पहिली तीन १९६८ ते १९७२ या काळात आली, म्हणून जुन्या सेटमध्ये तीनच मिळतात. चौथं 'तेहानू' आलं थेट १९९० मध्ये, आणि उरलेली दोन २००१ मध्ये. तुमचा सेट अपुरा आहे. 'तेहानू' मात्र सोडू नका. पहिल्या तीन पुस्तकांत जादूगारांचं जग जवळपास पुरुषांचंच आहे. तेच जग इथे घर सांभाळणाऱ्या एका मध्यमवयीन बाईच्या आणि भाजलेल्या एका मुलीच्या बाजूने दिसतं. लेखिकेने स्वतःच्याच जगाला इतके कडक प्रश्न विचारलेले मी दुसरीकडे वाचलेले नाहीत.

चैत्रपालवी (१०:०२)
अर्थसी नाही हो. लॉर्ड ऑफ द रिंग्ज! तीन सिनेमे म्हटल्यावर दुसरं काय असणार?

कोकणकडा (१०:०५)
नार्नियाचेही तीनच आले. म्हणून विचारलं.

जुनेपान (१०:२१)
ताई, तुमचा सेट पूर्ण आहे, काही विकत घेऊ नका. टोल्किन यांनी ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली आणि आतून तिचे सहा भाग केले. त्या भागांना 'बुक' म्हणतात. महायुद्धानंतर कागदाची टंचाई होती, एवढा मोठा ग्रंथ एकदम काढणं प्रकाशकाला जोखमीचं होतं. म्हणून १९५४ आणि १९५५ मध्ये तो तीन खंडांत आला. एका खंडात दोन बुकं, आणि प्रत्येक बुकात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून. त्यामुळे तिसऱ्या खंडात आठवं प्रकरण दोनदा येतं. तुम्ही वाचलंत ते बुक पाचमधलं, 'द हाउसेस ऑफ हीलिंग', ज्यात पुढे राजा होणारा अ‍ॅरागॉर्न जखमींना अथेलास या औषधी वनस्पतीच्या पानांनी शुद्धीवर आणतो. तुम्हाला हवंय ते बुक सहामधलं, 'द स्काउरिंग ऑफ द शायर' (शायर म्हणजे बुटक्या हॉबिटांचा मुलूख). परिशिष्टांच्या आधी शेवटची दोन प्रकरणं आहेत, त्यातलं पहिलं. पानांच्या आकड्यांच्या नादी लागू नका, ते आवृत्तीगणिक बदलतात. बुक आणि प्रकरण एवढंच लिहायचं.

चैत्रपालवी (१०:३४)
सापडलं! पण हे सिनेमात कुठे आहे? चौघे हॉबिट (फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन) घरी येतात, गावात सगळं आलबेल असतं आणि ते बसून बिअर पितात, असंच मला आठवतंय. इथे तर गावाला फाटक, भिंतीवर नियमांच्या याद्या, खानावळी बंद. ती दुष्ट शक्तीची अंगठी तर केव्हाच नष्ट झाली ना? मग हे सगळं कशाला? तेच लिहायचंय आणि मला काही सुचत नाही.

रानवाट (१०:४१)
सिनेमात नाहीच ते. दिग्दर्शक पीटर जॅक्सननी गाळलं आणि चांगलं केलं. पर्वत फुटला, राजाला मुकुट मिळाला, कथा तिथे संपते. त्यानंतर चार गावगुंडांशी मारामारी म्हणजे शेपूट वाढवणं. 'प्रकरण अनावश्यक आहे' असं बिनधास्त लिहा. तिसऱ्या सिनेमाला ११ ऑस्कर मिळाले, त्या प्रकरणावाचून कुणाचं काही अडलं नाही.

जुनेपान (१०:५३)
रानवाट, ऑस्करचा आणि कादंबरीच्या रचनेचा काय संबंध? सिनेमाचा शेवट सिनेमापुरता ठीक आहे. ताईंना पुस्तकावर लिहायचंय.
ताई, प्रश्न जसाच्या तसा इथे टाका. शब्दमर्यादा किती? सिनेमा-पुस्तक तुलना मागितली आहे का?

श्रवणभक्त (११:०४)
मी तर म्हणेन वाचूच नका, ऐका. रॉब इंग्लिस यांनी वाचलेलं अखंड ऑडिओबुक आहे. गाणी ते खरोखर गातात. माझी या पुस्तकाशी गाठ तिथेच पडली. एसटीच्या प्रवासात ऐकलं तरी चालतं.

कोकणकडा (११:०७)
रविवारपर्यंत अख्खं ऑडिओबुक?

मिथककथा (११:१५)
त्याआधी 'सिल्मरिलियन' वाचायला हवं. १९७७ मध्ये मुलाने, क्रिस्टोफर टोल्किन यांनी संपादित करून काढलं. दुष्ट झालेला जादूगार सारुमान मुळात कोण, हे समजल्याशिवाय या प्रकरणातलं त्याचं पतन कळणार नाही.

चैत्रपालवी (शनि., सकाळी ७:५०)
अहो, मला उद्या रात्री द्यायचंय, नवीन पुस्तकं सुचवू नका!
प्रश्न असा: "हे प्रकरण कादंबरीच्या रचनेला आवश्यक आहे का? मजकुरातील पुरावे देऊन तुमची भूमिका मांडा." ५०० शब्द. सिनेमाबद्दल काही नाही. मी मूळ इंग्रजी वाचतेय, उत्तरही इंग्रजीतच द्यायचंय.

मुळामुठा (८:२०)
महाभारत आठवा. युद्ध आणि त्या शेवटच्या रात्रीचा संहार दहाव्या, सौप्तिक पर्वापर्यंत उरकतो. पुढे आठ पर्वं शिल्लक असतात आणि त्यातलं शांतिपर्व सगळ्या ग्रंथात मोठं. जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसं होतं. यादव आपसांत लढून संपतात ते मौसलपर्वात. आपल्याला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. जिंकल्यावर माणसाचं काय होतं, हा महाकाव्याचा खरा विषय आहे.

रानवाट (८:३१)
पण महाभारत ऐकणारे भारतीय युद्धानंतर कंटाळत नाहीत का? मालिकांमध्येही युद्ध संपलं की सगळं भराभर गुंडाळतात.

मुळामुठा (८:३६)
मालिका गुंडाळतात, व्यासांनी गुंडाळलेलं नाही.

जुनेपान (९:१०)
मुळामुठा, मुद्दा पटला. पण ताई, ५०० शब्दांत महाभारत नको. 'मजकुरातील पुरावे' म्हटलंय, तेव्हा बोट पुस्तकावरच ठेवा. मागून पुढे येत चार जागा वाचा:

बुक दोन, प्रकरण सात. एल्फ राणी गलाड्रिएलच्या जादुई आरशात सॅमला शायरमधली झाडं पाडताना दिसतात, जुन्या गिरणीच्या जागी विटांची मोठी इमारत आणि धूर दिसतो. तो तिथूनच घरी परतायला निघतो.

बुक तीन, प्रकरण नऊ. सारुमानचा गड आयझेनगार्ड बुडाल्यावर मेरी आणि पिपिनला तिथे तंबाखूची पिंपं सापडतात, शायरमधल्या लाँगबॉटमची. दोघे खूश होऊन पाइप ओढत बसतात. अ‍ॅरागॉर्नला मात्र ते खटकतं. शायरचा माल सारुमानच्या कोठारात आला कसा? वाचताना आपण हे गंमत म्हणून सोडून देतो, पण धागा तिथेच अडकवलेला आहे.

बुक सहा, प्रकरण सहा. वाटेत भिकाऱ्याच्या वेशातला सारुमान भेटतो आणि घरी गेल्यावर काय दिसेल याची गर्भित धमकी देऊन जातो.

बुक सहा, प्रकरण सात. त्यांचा मार्गदर्शक जादूगार गँडाल्फ सांगतो की मी शायरला येणार नाही, तिथलं तुमचं तुम्ही निस्तरा, त्यासाठीच तुम्ही तयार झाला आहात.

हे चारही दुवे लेखकाने पेरून ठेवले आहेत. शेपूट नंतर चिकटवली असती तर ती पिंपं हजारभर पानांच्या ग्रंथाच्या मधोमध आली नसती.

अभ्यासू_काका (९:४५)
एक महत्त्वाची गोष्ट कुणीच सांगत नाही. हे प्रकरण म्हणजे युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारवर सरळ टीका आहे. धान्य गोळा करून 'वाटप' करणारी माणसं, नियमांच्या याद्या, रेशनिंग. एवढं लिहिलंत की पूर्ण गुण.

जुनेपान (१०:०२)
काका, तसं लिहू नका, उलट गुण जातील. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किननी नेमका हाच समज खोडून काढला आहे. हे प्रकरण कथानकाचा आवश्यक भाग आहे, सुरुवातीपासून योजलेलं होतं, आणि पुस्तक पूर्ण करत असतानाच्या इंग्लंडचं ते चित्र नाही, असं ते म्हणतात. रूपककथा आपल्याला मनापासून आवडत नाही, हेही तिथेच आहे.

अभ्यासू_काका (१०:१५)
लेखक म्हणतो म्हणून ते खरं? रेशनिंगमध्ये राहणाऱ्या माणसाच्या लेखणीत रेशनिंग येणारच.

ब्रमिंगहॅमकर (दुपारी १:३०)
मी बर्मिंगहॅमला राहतो. त्याच प्रस्तावनेत पुढे जे आहे ते इथे डोळ्यांनी दिसतं. टोल्किन लहानपणी, १८९६ ते १९०० या काळात, सेअरहोल नावाच्या खेड्यात राहत होते. आज ते शहराने गिळलंय, पण पाणचक्की उभी आहे आणि तिथे संग्रहालय आहे. प्रस्तावनेत ते लिहितात की आपण दहा वर्षांचे होण्याआधीच लहानपणचा तो परिसर उद्ध्वस्त होत होता, आणि तळ्याकाठच्या एका गिरणीचं मोडकळीला आलेलं चित्र अलीकडे वर्तमानपत्रात पाहिलं. गिरणीवाल्याची काळी दाढीसुद्धा त्यांना आठवते. तेव्हा प्रकरणात शायरमधल्या सँडिमनची जुनी गिरणी पाडून धूर ओकणारी नवी बांधली, हे दुःख रेशनिंगच्या किती आधीचं आहे बघा. काकांचा मुद्दा पूर्ण खोटा नसेल, पण मूळ इथे आहे. चक्कीच्या मागच्या तळ्याशी उभं राहिलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहतो. ते प्रकरण मला तेव्हा फार लागलं.

रानवाट (१:५२)
गिरणी वगैरे ठीक. पण त्यासाठी एवढी लढाई कशाला? सारुमानला सिनेमाच्या लांब आवृत्तीत त्याच्या मनोऱ्यावरच मारलाय. तेच पुरेसं आहे.

सायंतारा (२:२०)
रानवाट, लढाईपेक्षा त्या लढाईत फ्रोडो काय करतो ते बघा. शायरमधल्या बायवॉटर गावी सत्तरच्या आसपास गुंड मरतात आणि १९ हॉबिट. मेरी आणि पिपिन शूर सरदारांसारखे लढतात. फ्रोडो लढाईत असतो, पण तलवार उपसत नाही. शस्त्र टाकलेल्यांना संतापलेल्या हॉबिटांनी मारू नये, यासाठी तो झटतो. सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, तरीही त्याला सोडून द्या म्हणतो. तेव्हा सारुमान म्हणतो की तू मोठा झालास, आणि माझ्या सूडातली गोडीच तू काढून घेतलीस. राज्याभिषेकावर पुस्तक संपलं असतं तर फ्रोडोत झालेला हा बदल आपल्याला कधी दिसला असता? अग्निपर्वताच्या कड्यावर तर तो हरतो, अंगठी स्वतःहून टाकत नाही. त्याची खरी कमाई घरच्या अंगणात दिसते.

चैत्रपालवी (४:०५)
सायंतारा, हे सगळ्यांत उपयोगी पडलं. मी असं मांडते आहे: प्रकरण आवश्यक आहे, कारण आधीच्या सगळ्या प्रवासाची परीक्षा इथे होते आणि त्या वेळी मदतीला गँडाल्फ नसतो. पुरावे म्हणून आरसा, तंबाखूची पिंपं, गँडाल्फचं बोलणं आणि फ्रोडोची न उपसलेली तलवार. सिनेमा आणि रेशनिंग दोन्ही गाळते. पण विरुद्ध बाजू काय लिहू? आमचे पेपर सहाध्यायी तपासतात आणि 'विरोधी मताचा विचार केला का' यासाठी वेगळे गुण आहेत.

कोकणकडा (४:११)
विरुद्ध बाजू रानवाट यांनी लिहून दिलीच आहे. कळस एकदा झाला की दुसरी लढाई वाचकाला उतरती वाटते. तेवढं प्रामाणिकपणे मान्य करा आणि मग उत्तर द्या.
अवांतर: 'रविवारी रात्री' कुणाची? बाहेरच्या विद्यापीठांच्या कोर्सला बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तिथली रविवार मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. एकदा बघून घ्या.

रानवाट (४:२५)
माझं मत लिहिणार असाल तर नीट लिहा. प्रकरण वाईट आहे असं मी म्हणत नाही. राज्याभिषेकानंतरच्या निरोपांनी गती मंदावते आणि त्यानंतर नवा संघर्ष उभा करणं कठीण जातं, हा माझा आक्षेप आहे. तंबाखूच्या पिंपांचा दुवा मात्र माझ्या लक्षात आला नव्हता, तो भाग पुन्हा वाचतो.

चैत्रपालवी (४:४०)
वेळ यूटीसीच आहे! सोमवारी पहाटेपर्यंत मुदत मिळाली. शेवटचं विचारते, 'ग्रे हेवन्स'वाल्या शेवटच्या प्रकरणातलं काही घेऊ का? प्रश्न फक्त आठव्याचा आहे.

सायंतारा (५:१५)
एक वाक्य जरूर घ्या. शायर वाचवायला मी गेलो, ते वाचलंही, पण माझ्यासाठी नाही, असं फ्रोडो सॅमला सांगतो. त्याच्याशेजारी सॅमची बाजू ठेवा. गलाड्रिएलने दिलेली माती तो शायरभर कणाकणाने टाकतो आणि तोडलेल्या झाडाच्या जागी मॅलॉर्न या एल्फांच्या देशातल्या झाडाचं बी लावतो. ही दोन्ही माणसं एकाच उद्ध्वस्त गावात परतलेली आहेत. गाव मोडलंच नसतं तर सॅमची माती आणि फ्रोडोची जखम, दोन्हींना पुस्तकात जागा राहिली नसती. तुमच्या 'आवश्यक आहे' या भूमिकेला याहून जोरदार पुरावा नाही, तो शेवटच्या परिच्छेदात टाका. माती देण्याचा प्रसंग बुक दोन, प्रकरण आठमध्ये आहे. संदर्भ देताना तिथे बुकाचा आकडा चुकवू नका.