प्रति: बिलावर छापलंय म्हणून गप्प बसायचं?

वर कुणीतरी लिहिलंय की बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं असलं की विषय संपला, पाकिटावरची तारीख बघून घेणं आपलं काम. तारीख बघावीच, पण ती ओळ छापली म्हणून काही कायदा होत नाही हो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत. तेव्हा बिलं फेकू नका.

आणि तारखेवर तरी किती विसंबायचं? आमच्या कोपरखैरण्यात एका दुकानात रवा, बेसन, शेंगदाणे पोत्यातून काढून तिथेच अर्धा-एक किलोच्या पिशव्या भरतात आणि स्टिकरवर पिशवी भरल्याची तारीख, पोतं कधीपासून पडलंय ते कोण सांगणार! ऐन श्रावणात तिथला रवा आणला तर आत जाळी धरलेली, परत नेला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो ताई पावसाळ्यात होतंच असं. मग मी बिल पुढे केलं आणि म्हटलं थांब, १९१५ ला फोन लावते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे तो, मराठीतही बोलता येतं. शेठ आतून आले, मुकाट पैसे दिले, वर म्हणतात एवढ्याशा रव्यासाठी फोन कशाला मॅडम. ती पिशवी मात्र फेकली नाही, काउंटरखाली सरकवली.