बॅकअप झाला की हार्डडिस्क काढून ठेवा

गाळा ३, आंबा पॅकिंग: मंडळी, सोसायटीच्या ग्रुपवरच विचारतो, माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकही फाईल उघडत नाहीये. नावांपुढे भलतीच अक्षरं लागलीत. स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी, पैसे द्या नाहीतर डेटा विसरा. कोणाला यातलं कळतं का?

बी-२०४: भाऊ, आधी लॅनची वायर काढा, वाय-फाय बंद करा. शेजारच्या कॉम्प्युटरचंही. फॉरमॅट करू नका. चिठ्ठीचा फोटो काढा.

गाळा ३: काढली वायर. बॅकअपची हार्डडिस्क मागे लावलेलीच असते, तीही गेली.

ए-१०१, काकू: अरे देवा, ऐन सीझनात! बागायतदारांचे हिशेब त्यातच ना रे?

गाळा ३: होय काकू. कोणाच्या किती पेट्या, कोणाला किती उचल, सगळं.

सेक्रेटरी: पण अँटीव्हायरस होता ना?

बी-२०४: तो हवाच, पण एकटा पुरत नाही. हे रॅन्समवेअर आहे, जोडलेलं जे जे दिसेल ते कुलूपबंद करतं. जून २०१७ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, उरणच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या अशाच व्हायरसने ठप्प केलं होतं. सुरुवात झाली युक्रेनमध्ये, हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पसरलं ते विंडोजमधल्या एका फटीतूनही, आणि ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं! मर्स्कच्या जगभरातल्या लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरचा डेटा पुसला गेला. एकच प्रत वाचली, घानाच्या ऑफिसात, कारण तेव्हा तिथे लाईट गेली होती. नेटवर्कला जोडलेलं नव्हतं म्हणून वाचलं. म्हणून कळकळीने सांगतो, दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापरा, बॅकअप झाला की काढून कपाटात, एक तर घरीच न्या. आणि महिन्यातून एकदा त्यातली फाईल उघडून बघा.

सी-३०२: पैसे भरून सुटत असेल तर?

बी-२०४: नको. नॉटपेट्यात पैसे भरूनही फायली परत मिळणार नव्हत्या. 'नो मोअर रॅन्सम' साइटवर काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात, चिठ्ठीवरून कुठला प्रकार आहे ते शोधू. सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, १९३० या हेल्पलाइनलाही सांगा. आणि भाऊ, मेलमधली फाईल कोणी उघडली ते पोरांना विचारा, पण ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी कोणी सांगायला येणार नाही.

काकू: पावत्यांचे फोटो बागायतदारांच्या मोबाइलवर असतील की! आमचे तर आहेत, आत्ता पाठवते.

गाळा ३: पाठवा काकू. बाकीच्यांनाही फोन लावतो.

सेक्रेटरी: मेंटेनन्सचा हिशेबही एकाच कॉम्प्युटरवर आहे. २०४, संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात याल का? हार्डडिस्क मी आणतो.

बी-२०४: सातला येतो. दोन आणा.