मदत हवी आहे: बेदाणा शेडच्या यंत्रासाठी केंद्र सरकारची नेमकी कोणती योजना?

शेडवाला

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. घरची चार एकर द्राक्षबाग, त्यातला निम्मा माल दरवर्षी बेदाण्याला जातो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सहा वर्षं कूपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. प्रश्न सरकारी योजनांचा आहे, पण आधी यंत्र काय ते सांगतो.

ज्यांनी बेदाणा फक्त खाल्लाय त्यांच्यासाठी: द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून बुडवून काढायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची. पंधरा-वीस दिवसांत वाळतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. त्या दिवसांत ढग आले, हवा दमट झाली की माल काळा पडतो, आणि सौद्यात हिरव्या मालाचा दर कुठं, काळ्याचा कुठं! पडदा कधी सोडायचा, पंखे कधी लावायचे, माल कधी झाडायचा, सगळं हाताला काय लागतं त्यावर. आमचे आबा मूठभर बेदाणा दाबून सांगतात. त्यांचा अंदाज चुकत नाही, माझा चुकतो.

म्हणून मी जाळीच्या चार कोपऱ्यांना लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, लावले. माल वाळेल तसं वजन घटतं, त्यावरून आत किती पाणी राहिलं ते मोबाइलवर दिसतं. तीन थरांवर दमटपणाचे सेन्सर आहेत, हवा बिघडली की बाजूचा पडदा मोटरनं आपोआप खाली येतो. दोन सिझन घरच्या शेडला चाललं. यंदा शेजारच्या दोघांकडं बसवलं, तर एका शेडला वाऱ्यानं जाळी हलून वजन नाचायला लागलं. त्यावर एक तोड काढलाय, अजून पक्का नाही. आत्तापर्यंत एक लाख ऐंशी हजार खिशातले गेले.

आता अडचण. पेपरात संशोधनासाठी १ लाख कोटींचा निधी आल्याचं वाचल्यापासून घरातले पाठीमागं लागलेत, "एवढ्यातनं तुला दहा लाख मिळंना व्हय?" एक सल्लागार भेटला. म्हणाला, लगेच प्रायव्हेट लिमिटेड काढा, बाकी माझ्यावर सोडा; मंजूर रकमेच्या १५ टक्के माझे. पाच हजार आगाऊ देऊन बसलोय, आता फोन उचलत नाही. माझ्याकडं सध्या फक्त प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावचा धंदा, आणि उद्यम नोंदणी आहे.

तर, १) तो १ लाख कोटींचा निधी माझ्यासारख्याला आहे का? २) नसेल तर अर्ज कुठं करू? ३) कंपनी काढायची घाई करू का? आणि हो, यंत्राचा व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकलाय, जानेवारीत एका कृषी प्रदर्शनातही मांडलं होतं. पेटंटला काही अडचण येईल का?

मिरजकर_बंड्या

यंत्र भारी आहे राव. योजनेचं माहीत नाही, पण ते पाच हजार अक्कलखाती टाका आणि त्या माणसाला विसरा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मेहुण्यालाही हेच विचारायचं होतं.

पाषाणरस्ता

शेडवाले दादा, मी पुण्यात एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रात, काही वर्षं अर्ज चाळायचं काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. तो निधी म्हणजे आरडीआय, संशोधन-विकास-नवोन्मेष योजना. मंत्रिमंडळाची मंजुरी १ जुलै २०२५ची, पंतप्रधानांनी सुरू केली ३ नोव्हेंबर २०२५ला. त्यात अनुदान नाही. लांब मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज, नाहीतर भागभांडवल. तेही सरकार थेट देत नाही. पैसा आधी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या एका विशेष निधीत जातो, तिथून दुसऱ्या पातळीच्या निधी व्यवस्थापकांकडे, आणि ते कंपन्या निवडतात. अट अशी की तंत्रज्ञानाची तयारी चौथ्या पायरीची किंवा त्यापुढची हवी. ही एक ते नऊची मोजपट्टी आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी तिला टीआरएल म्हणतात. गंमत म्हणजे तुमचं यंत्र खऱ्या शेडात चाललेलं असल्यामुळे त्या पट्टीवर तुम्ही चौथीच्या पुढेच आहात! पण पायरी जुळली म्हणून दार उघडत नाही. तो पैसा परत फेडायचा किंवा त्याबदल्यात कंपनीचा हिस्सा द्यायचा असतो. तीन शेडांत बसलेल्या यंत्राला आज ते पेलायचं नाही.

तुमच्यासाठी पहिलं दार निधी-प्रयास. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या नमुना यंत्रासाठी, १० लाखांपर्यंत अनुदान, मुदत दीड वर्षापर्यंत. वस्तू हाताला लागणारी हवी, नुसतं अ‍ॅप चालत नाही. तुमची तर लोखंड-जाळीची आहे. एकट्या माणसाला अर्ज करता येतो, त्यासाठी कंपनी लागत नाही. बौद्धिक संपदा तुमचीच राहते. अर्ज दिल्लीला नाही, प्रयास केंद्र असलेल्या इन्क्युबेटरकडे करायचा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. प्रत्येक केंद्राच्या अर्जाच्या तारखा वेगळ्या असतात, त्यामुळे फोन करूनच विचारा.

आता एक गोष्ट जी अर्जात बहुतेक जण चुकतात. "दोन सिझन चाललं, सगळं तयार आहे" असं लिहिलंत तर समिती म्हणेल, मग प्रोटोटाइप झालाच की, पैसे कशाला? खोटं लिहू नका, पण उरलेलं काम काय ते नीट मांडा. वाऱ्यात वजन नाचतं हे लपवायची गोष्ट नाही, अर्जाचा गाभाच तो आहे. डिपिंगच्या पाण्यात आणि गंधकाच्या धुरीत सेन्सर किती टिकतात, ते सांगा. एका जाळीवरून संपूर्ण रॅकवर कसं जाणार, ते सांगा. आबांची मूठ आणि लोडसेल यांची तुलना केली असेल तर तो तक्ता जोडा. हसू नका, मी समितीत असते तर पहिलं तेच वाचलं असतं.

दुसरं दार कृषी मंत्रालयाचं, राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला नव्या कृषी उद्योजकांसाठीचा कार्यक्रम, ज्याला आधी रफ्तार म्हणायचे. कल्पनेच्या टप्प्याला ५ लाखांपर्यंत, पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंत. तेही कृषी इन्क्युबेटरमार्फत, आणि थोडा हिस्सा तुमचा घालावा लागतो. तिथल्या परीक्षकांना बेदाणा समजावून सांगायला लागत नाही, हा मोठा फायदा.

आणि टक्केवारीवाल्याबद्दल: या अर्जांना दलाल लागत नाही. अनुदानाचा पैसा ठरलेल्या कामालाच खर्च करायचा असतो, त्याचं खर्चाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात त्याचे १५ टक्के कोणत्या ओळीत दाखवणार?

शेडवाला

ताई, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. मग कंपनी कधी काढू? आणि झालेले एक लाख ऐंशी हजार त्यातनं निघतील का?

पाषाणरस्ता

झालेला खर्च निघत नाही. मंजुरीनंतरचाच धरतात, हप्त्याहप्त्याने मिळतो आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल लागतं. आजपासूनच बिलं घ्यायची सवय लावा.

कंपनीची घाई नको. स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची, मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते हे खरं. पण कंपनी काढली की घड्याळ सुरू होतं. उदाहरण सांगते. २०२१ साली ९४५ कोटींची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली. प्रोटोटाइप आणि चाचण्यांना २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात जायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रोख्यांच्या रूपात. त्यात अट होती की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. आमच्याकडे अशी मुलं यायची ज्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून कंपनी आधी काढली, यंत्र तीन वर्षांनी झालं, आणि दार बंद. दुसरी अट, इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नको. म्हणजे प्रयासचे १० लाख घेऊनही माणूस पात्र राहायचा. ही योजना २०२१-२२ पासून चार वर्षांसाठी होती, त्यामुळे अर्ज घेणं चालू आहे का हे पोर्टलवर बघूनच तिचा विचार करा. पण अशा अटी पुढच्या योजनांतही येतात. पहिलं गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार झालं की कंपनी काढा, किंवा ज्या योजनेला कंपनी लागते तिचा अर्ज समोर असेल तेव्हा.

काळा_कोट

पेटंटचं मी सांगते. शेडवाले, तो व्हिडिओ आजच्या आज खासगी करा. झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण आणखी नको. आपल्या कायद्यात अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर झाला तर नवेपणा जातो. प्रदर्शनासाठी कलम ३१मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याच्या मैदानावर मांडव घातलेलं कृषी प्रदर्शन त्यात सहसा बसत नाही.

तरी रडू नका. व्हिडिओत नेमकं काय दिसतं? जाळीखाली लोडसेल आणि खाली येणारा पडदा एवढंच असेल तर ते गेलं समजा. वाऱ्याने वजन हलतं त्यावर काढलेला तोड व्हिडिओत नसेल, प्रदर्शनातही कुणाला समजावला नसेल, तर खरा शोध कदाचित तोच आहे. त्याचा तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करा, तारीख पक्की होते, पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला आणि स्टार्टअपला १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीची फी नंतर वेगळी.

मसुदा करताना दोन खड्डे टाळायचे. कलम ३(एच) प्रमाणे शेतीची किंवा फळबागेची पद्धत पेटंटला पात्र नाही, आणि ३(के) प्रमाणे नुसता संगणक प्रोग्रॅमही नाही. म्हणून "बेदाणा वाळवण्याची पद्धत" असं शीर्षक देऊ नका आणि नुसतं गणितही लिहू नका. जाळीची बैठक, सेन्सरची मांडणी, हलणं टिपणारा भाग, म्हणजे उपकरण लिहा. पुढे डीपीआयआयटी मान्यता मिळाली की सरकारी यादीतल्या सुविधादात्याकडून, म्हणजे पेटंटचं काम करून देणाऱ्याकडून, मसुदा करून घेता येतो. त्याची फी सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी शुल्क भरता.

जुनी_प्रयोगशाळा

थोडं अवांतर. मी सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. घरचे विचारतात की एवढ्या कोटींतून तुला दहा लाख का नाहीत, तो प्रश्न भाबडा नाही. १९५८चा विज्ञान धोरण ठराव, मग १९८३, २००३, २०१३ची धोरणं; त्यातल्या २००३ आणि २०१३च्या धोरणांत आम्ही वाचलं की संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर न्यायचा. २०२०-२१चा आकडा ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया ४ टक्क्यांच्या वर आहे. तिथे हा खर्च प्रामुख्याने उद्योग करतात, आपल्याकडे प्रामुख्याने सरकार. म्हणून आता सगळा रोख खासगी पैसा हलवण्यावर आहे. अनुसंधान फाउंडेशनचे २०२३ ते २८ या पाच वर्षांचे ५०,००० कोटी म्हणतात, त्यातले सरकारी तिजोरीतले १४,००० कोटी, बाकी ३६,००० कोटी बाहेरून यायचे आहेत. आणि याच सरकारी धोरणाने कंपन्यांच्या संशोधनखर्चावरची करवजावट (२०० टक्के म्हणजे शंभर रुपये खर्चाला करपात्र उत्पन्नातून दोनशे वजा) २०० टक्क्यांवरून २०१७मध्ये १५० वर आणि २०२०मध्ये १०० वर आणली! एका हाताने काढून घेतलं, दुसऱ्या हाताने कर्ज देऊ केलं, असं माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या.

शेडवाल्यांच्या कामाचं एक: पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा आणि त्यांच्या देखरेखीखाली एक वाळवण करून वजनावरचा ओलावा आणि प्रयोगशाळेतला ओलावा जुळतो का, याचा कागद मागा. अर्जात तुमच्या दहा पानांपेक्षा तो एक कागद जड पडेल.

मिरजकर_बंड्या

काका, अवांतर कसलं, हेच तर कळत नव्हतं. +१.

शेडवाला

व्हिडिओ खासगी केला. परत नीट बघितला, त्यात लोडसेल आणि पडदाच आहे. वाऱ्याचा तोड मी मार्चमध्ये काढला, प्रदर्शन जानेवारीत होतं. म्हणजे ते वाचलं म्हणायचं.

पुण्यातल्या एका केंद्राला फोन केला. पुढच्या फेरीची सूचना आली की कळवतो म्हणाले, तोवर लागणाऱ्या भागांची किमतींसह यादी करून ठेवा म्हणाले. आबांना विचारलं, तुमच्या मुठीचा तक्ता अर्जात लावू का? ते म्हणाले, "लाव, पण खाली माझं नाव घाल."

शेवटचा एक प्रश्न, ताई. जाळीची बैठक माझा चुलत भाऊ त्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात करून देतो. त्याचं बिल चालेल का?

पाषाणरस्ता

नातेवाइकाचं बिल म्हटलं की हिशेब तपासणारे थांबतात. अर्ज करतानाच केंद्राला लेखी कळवा, सोबत आणखी दोन दुकानांची दरपत्रकं जोडा, आणि भावाकडे जीएसटी नोंदणी आहे का ते आधी बघा. आबांचं नाव मात्र नक्की घाला.