पिंपळावरचे हिवाळी पाहुणे, एक वाळकी फांदी आणि गच्चीवरच्या बिया – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण शनिवारी सकाळी झाडतोडीवाला येणार आहे, म्हणून घाईने धागा काढतेय. पक्षी ओळखणाऱ्यांनी आणि सोसायटीच्या कटकटी निस्तरलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच पिंपळ आहे आणि कंपाऊंडच्या भिंतीला लागून सिंगापूर चेरी. चेरीचं झाड बाराही महिने काही ना काही देत असतं. बुलबुल, चष्मेवाले आणि अंगठ्याएवढा फुलटोचा यांची तिथे रोजची ये-जा असते. पिंपळाचं तसं नाही. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची फळं पिकून जांभळी पडली आणि सकाळी सातच्या सुमाराला असा कलकलाट सुरू झाला की कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात.

थव्यात बहुतेक भोरड्याच आहेत, तेवढं मला कळतं. माझं माहेर सोलापूरकडचं, ज्वारीचं. लहानपणी जोंधळा हुरड्यात आला की अण्णा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे आणि आम्ही पोरं पत्र्याचे डबे बडवायचो, ते या भोरड्यांसाठीच. परवा अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आम्ही इकडनं हाकलतोय आन् तू तिकडं पंगत मांडून बसलीस!" काळं डोकं, काळे पंख आणि मधे गुलाबी अंग, ही ओळख पक्की आहे. पण यांच्यातले पुष्कळ पक्षी गुलाबी सोडाच, मातकट, धुवट तपकिरी आहेत आणि त्यांची चोच पिवळसर. गुलाबीसुद्धा मळलेला दिसतो, खडूवर धूळ बसावी तसा. ही वेगळी मैना आहे, की भोरडीचीच पिल्लं?

बरं, हा प्रश्न हौसेचा झाला. खरी अडचण खाली पार्किंगमध्ये आहे. पाच गाड्या झाडाखाली लागतात आणि रोज सकाळी त्यांच्यावर जांभळे शिंतोडे असतात. ते वाळले की काच घासून निघत नाही, हे मला मान्य आहे. आमचीही गाडी त्यातच आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये "पार्किंगवरचा अर्धा पिंपळ उतरवा" असं ठरलं आणि त्यातही पहिली कापायची ती वाळकी फांदी, "कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी."

त्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने एक भोक आहे. अगदी गोल, कंपासने आखल्यासारखं. कागदी लिंबू जेमतेम आत जाईल एवढं. माझा संशय तांबटावर आहे. रोज सकाळी ऊन आलं की एक तांबट त्याच फांदीच्या शेंड्यावर अंग फुलवून बसलेला असतो. हिरवा, कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती पिवळं. सध्या तो गप्प असतो. उन्हं तापायला लागली की मग त्याचं टुक् टुक् टुक् सुरू होईल. (आमच्या सासूबाई कसब्यातल्या. तांबट आळीत भांडी ठोकण्याचा आवाज ऐकत वाढल्या, त्यामुळे या पक्ष्याचं नाव त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.) पण भोक जुनं आहे की वापरातलं, हे खालून कसं ओळखायचं? आणि थंडीत घरटं नसतं ना? मग सेक्रेटरीकाकांना काय सांगू?

परवानगीचंही विचारायचं आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे आणि त्यात झाड 'तोडणे' म्हणजे नुसतं बुंध्यातून कापणं नव्हे, झाडाला कुठलीही इजा करणं त्यात येतं, असं मी वाचलंय. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षण मिळालं. आमची इमारत १९९४ ची आणि तेव्हाच पिंपळ दोन मजली होता, असं जुने रहिवासी सांगतात. वय ठरवतात कसं? उद्यान खात्याकडे अर्ज सोसायटीनेच करायचा की एका सभासदानेही चालतो?

आता शेवटचं, आणि हे पक्ष्यांचं नाही असं मला वाटतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दर दोन-तीन दिवसांनी एकाच जागी विष्ठा असते आणि तिच्यात चिकूच्या काळ्या, चकचकीत बिया अख्ख्याच्या अख्ख्या. वॉचमन म्हणतो वटवाघूळ. शेजारच्या काकू म्हणतात, बिबट्याचं पिल्लू! चिकू खाणारा बिबट्या मी तरी ऐकलेला नाही.

भर, गुरुवार रात्री: सगळ्यांचे मनापासून आभार. मातकट पक्षी भोरडीचीच तरुण पोरं निघाली. आणि गुलाबी मळका दिसतो तो नव्या पिसांच्या फिकट कडांमुळे. त्या झिजत जातात, त्यामुळे मार्चमध्ये परतायच्या वेळी, पळस-सावर फुललेली असताना, हेच पक्षी झगझगीत दिसतात, हे वाचून मजा वाटली. गच्चीवरचा पाहुणा उदमांजर असावं, यावर बहुतेकांचं एकमत दिसतंय. वटवाघूळ चोथा थुंकतं, असा एका ठिकाणी ढीग लावत नाही, हा मुद्दा पटला. काकूंना अजून पटलेला नाही.

भोकाबद्दल "संध्याकाळी नुसतं बघत बसा" असा सल्ला मिळाला, म्हणून आज कणीक तशीच ठेवून साडेपाचपासून खिडकीत बसले. पावणेसहा झाले तरी काही नाही. मग तांबट आला, भोकाखाली उलटा चिकटला, मान वळवून दोन्हीकडे बघितलं आणि आत गेला. मिनिटभराने जाड काळी चोच आणि लाल कपाळ भोकाच्या तोंडाशी आलं, ते अंधार पडेपर्यंत तिथेच होतं. म्हणजे अंडी-पिल्लं नसली तरी त्याची झोपायची खोली तीच.

मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ सेक्रेटरीकाकांना दाखवला. ते विरघळले, पण अर्धेच. परवानगी येईपर्यंत शनिवारचं काम थांबवायला तयार आहेत, मात्र वाळकी फांदी पार्किंगवर लोंबते हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही. तर आता एकच विचारते: फांदीचा पुढचा जड भाग उतरवून भोकापर्यंतचा दोन-अडीच फुटांचा खुंट ठेवला, असं कुणी केलंय का? तांबट त्या खुंटात परत येतो का? आणि कापणाऱ्याला नेमकं काय सांगायचं, कारण आमचा माणूस "एकदा चढलो की साफ करूनच उतरतो" म्हणणाऱ्यातला आहे.