अनुभव धागा: पाटणादेवीच्या रानात नाल्याकाठची सोपी फेरी

डोंगरीकाठ:
रात्रभर पाऊस लागून होता. सकाळी पुतणीने चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या केदारकुंड धबधब्याचा व्हिडिओ दाखवला आणि मला आमचे शाळेतले सर आठवले. सहल पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीलाच असायची. सर सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला द्यायचे, हात लालभडक व्हायचा, मुली किंचाळायच्या. मग सालईचा डिंक हुंगायला. झाडं ओळखायला मी तिथेच शिकले.

आता घरातल्या सगळ्यांना न्यायचंय. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे जपून चालतात, शिवाय दोन लहान मुलं. देवळापासून नाल्याच्या कडेने वर जायचं आणि जमलं तर दुसऱ्या वाटेने वळसा घालून परत देवळाशी. पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत चढायचं नाही. ज्यांनी म्हातारी माणसं, मुलं घेऊन असं काही केलंय त्यांनी सांगा ना. पाटणादेवीच पाहिजे असं नाही, मनुदेवी, तोरणमाळ, कुठलंही चालेल.

भडगावचा नाना:
ताई, आम्हना भागनं नाव काढं, बरं वाटनं. कवय जाई राहिनात? माले बी सांगा.

अंजनछाया:
आम्ही दरवर्षी जातो, आई सोबत असते. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. नाल्याला पाणी असतं आणि दगडावरचं शेवाळ बरंच वाळलेलं असतं. ऐन श्रावणात म्हाताऱ्या माणसाला नाला ओलांडायला लावू नका, तो काळा दगड साबणासारखा होतो. नवरात्र टाळा, देवीला प्रचंड गर्दी असते.

आईसाठी आमची रीत अशी: सकाळी लवकर वनखात्याच्या नाक्यावर पोचायचं, आधी दर्शन, मग जुन्या महादेवाच्या देवळाशी पहिली बैठक. ओट्यावर पाय सोडून बसता येतं. तिथून पुढे जेवढं झेपेल तेवढंच. आई थकली की घरातलं एक माणूस तिच्याजवळ थांबतं, बाकीचे कुंडाकडे जाऊन येतात. वळसा पूर्ण झालाच पाहिजे असा हट्ट नाही. वरच्या पायवाटेने परत यायचं असेल तर नाक्यावर वनरक्षकांना विचारूनच. पावसाने वाटा बदलतात, काही बंदही असतात.

गिरणाथडी:
पाण्याचं मी सांगतो, कारण हे कळकळीने सांगण्यासारखं आहे. डोंगरी नदीचं पाणी वरच्या पठारावरून येतं, कन्नड गावाच्या अंगाने. खाली कोरडं ऊन असतं आणि वर ढग फुटलेला असतो. मातीचा थर पातळ, खाली बेसाल्ट, पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहत यायला लागला की फोटो सोडा, मुलांना उचला आणि काठ चढा. ज्या बाजूला आहात त्याच बाजूला चढा, ओलांडायला जाऊ नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात डोंगरी आणि तितूर नद्या कशा आल्या ते आम्ही पाहिलंय. दुकानं गेली, जनावरं गेली, कन्नड घाटात दरडी आल्या.

रेवा:
त्या पुरात माझ्या मामांच्या गोठ्यातल्या दोन्ही गाई गेल्या 😔 अजून पाऊस वाढला की मामा झोपत नाहीत

गिरणाथडी:
रेवाताई, वाईट वाटलं हो. मामांना नमस्कार सांगा.

धुळेकर मी:
पितळखोरे नाही म्हणालात पण मुलं मोठी झाली की नक्की न्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिथला यक्ष आहे, बुटका, हसरा. तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला असं त्याच्या हातावरच कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे! आमच्या लेकीला तो फोटोत इतका आवडला की तिने मातीचा केला. कड्याला आग्या मोहोळ असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

मास्तर:
पाटण्याला गेलात तर मुलांना भास्कराचार्य सांगा. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं, त्याचा शके ११२८ चा शिलालेख इथेच सापडला. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मी मुलांना देवळासमोर बसवून लीलावतीतल्यासारखं भुंग्यांचं गणित घालतो. रानात बसून गणित सुटतं, विश्वास ठेवा.

यावलकरीण:
आमच्याकडे मनुदेवी. गाडी बरीच जवळ जाते म्हणून सासूबाईंना जमेल, देवळाशीच धबधबा. पण सुट्टीला पाय ठेवायला जागा नसते, आणि वळसा असा नाही, गेलात तसंच परत. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठाने सपाट चालणं होतं, सीताखाई कठड्यावरूनच बघायची. घाट मात्र वळणांचा आहे, मुलांना गाडी लागते. आवळासुपारी ठेवा.

रेवा:
आवळासुपारी घरची की विकतची? घरची कशी करता

यावलकरीण:
घरची. किसून, सैंधव, ओवा, थोडं आलं, कडक उन्हात वाळवायचं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर झालाय

सावलीतली बाई:
आमचे हे होते तेव्हा दर दिवाळीनंतर जायचो. ते पुढे, मी मागे पाणी घेऊन. त्यांना स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला की लहान मुलासारखे हात हलवून बोलवायचे. ते गेल्यापासून पाऊल वळलं नाही. आज वाचून पाटणादेवीचा वास आला नाकाशी.

डोंगरीकाठ:
मावशी, आमच्याबरोबर याल का? खरंच विचारतेय. सासूबाईंना समवयस्क सोबत होईल.

अंजनछाया:
हो मावशी, जाच. आणि बिबट्याचं रान आहे, मुलांना पुढे पळू देऊ नका, अंधाराआधी बाहेर. फुरसंही असतं, विषारी साप तो, दगडाआड हात घालायचा नाही. दरीत फोन लागेलच असं नाही, घरी वेळ सांगून निघा.

भडगावचा नाना:
जेवनानं काय? कळण्यानी भाकर आनि ठेचा मी लयसू.

धुळेकर मी:
नाना, भरीत पण आणा 🙏

भडगावचा नाना:
भरीतना वांगा थंडीमा खरा. तवय बामणोदना आनसू.

सावलीतली बाई:
येते गं बाई. चाळीसगाव स्टेशनला उतरेन, पुढे मला सोबत घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र कुणी आणू नका, ह्यांना चालायचं नाही ते.

डोंगरीकाठ:
मावशी, स्टेशनला मी स्वतः येते घ्यायला. दसरा होऊन गेला की पहिल्या रविवारी. नाक्यावर आधी फोन करून वाट उघडी आहे का विचारते आणि इथेच कळवते. नाना, भाकरी आठ माणसांच्या धरा.