'गेमप्ले'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'स्टोरी' म्हणजे कथा, कथानक की गोष्ट?

रावपुरेकर
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कॉलेजातल्या एका मुलाने लेख दिलाय: व्हिडिओ गेममध्ये गेमप्ले महत्त्वाचा की स्टोरी. लेख झकास आहे. मुलगा बडोद्यातला, शाळा गुजराती माध्यमाची, मराठी फक्त घरात. त्यामुळे मथळा आलाय 'रमत मोठी की वार्ता मोठी'. गुजरातीत रमत म्हणजे खेळ, वार्ता म्हणजे गोष्ट. इथे बडोद्यात कुणालाही अर्थ लागेल, पण अंक पुण्याला, नागपूरलाही जातो. तिकडे वार्ता म्हणजे बातमी, आणि रमत म्हटलं की पुढे गमत लावून माणूस सावकाश चालायला लागतो. (गुजराती पेपरात 'रमतगमत' हे क्रीडापान असतं, हे त्यांना कोण सांगणार!)

तर गेमप्लेला शब्द सुचवा. संपादक मंडळाकडून 'क्रीडाप्रक्रिया' आला होता, तो ऐकून मुलगा लेखच परत मागतोय. शिवाय स्टोरीसाठी तो कथा, कथानक, गोष्ट हे तिन्ही शब्द वापरतो आणि तिन्हींचा अर्थ एकच धरतो. चालेल का?

वाडीकर
'खेळी'. लिहा आणि छापा.

सलाटवाडा
खेळी नको हो. खेळी म्हणजे एक चाल, नाहीतर फलंदाजाची 'शतकी खेळी'. बातम्यांत तर खेळी हा शब्द पुढाऱ्यांनीच ताब्यात घेतलाय. 'मारिओची खेळी' असा मथळा दिलात तर वाचक विचारतील, कुठल्या पक्षात गेला?

'खेळणं' हे क्रियापदाचं नाम घेतलं असतं, पण 'या गेमचं खेळणं सुंदर आहे' म्हटलं की डोळ्यांपुढे खुळखुळा येतो. मला 'खेळणूक' सुचतोय. वागणे-वागणूक, वर्तणे-वर्तणूक, तसंच खेळणे-खेळणूक. वागणूक म्हणजे जशी वागण्याची तऱ्हा, तशी खेळणूक म्हणजे खेळण्याची.

सुरसागरकाठ
घडण बरोबर आहे, पण कर्ता चुकतोय. खेळण्याची तऱ्हा ही खेळणाऱ्याची झाली. तो घाईने खेळेल, मी जपून खेळेन. गेमप्ले हा त्याआधीचा, बनवणाऱ्याने ठरवलेला भाग: कुठलं बटण काय करतं, उडी किती उंच जाते, चुकलं तर पुन्हा कुठून सुरू करायचं, अवघडपणा कोणत्या भाजणीने चढवत न्यायचा. म्हणजे गेम आपल्याला *खेळवते* कशी. मराठीत खेळवणे हे जुनं, भरभक्कम क्रियापद आहे. मुलाला खेळवतात, घरात वारा खेळवतात, शेतात पाणी खेळवतात. म्हणून 'खेळवणूक'.

वाडीकर
पिळवणूक, अडवणूक, फसवणूक, खेळवणूक. ओळीत छान बसते.

सुरसागरकाठ
करमणूक आणि गुंतवणूकही त्याच घराण्यातल्या. पण तुमचा टोमणा वाया जात नाही. फुकट म्हणून उतरवलेल्या कित्येक मोबाइल गेममध्ये लाइफ संपल्या की तासभर थांबा, नाहीतर पैसे भरा. तिथे 'त्याने मला नुसतं खेळवलं' हा अर्थसुद्धा लागू पडतो. उलट शब्दात तेवढी धार असलेली बरी.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कथानक आणि गोष्ट एक नाहीत, आणि लेखातला अर्धा वाद त्या दोघांची गल्लत झाल्यामुळे असणार. बनवणाऱ्याने लिहून ठेवलेला घटनाक्रम म्हणजे कथानक. खेळून उठल्यावर आपण मित्राला जे सांगतो ती गोष्ट. 1984 साली मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव्हने टेट्रिस बनवला, त्यात कथानक शून्य. बॅटल रॉयल घ्या: विमानातून उडी मारा, बंदूक शोधा, शेवटपर्यंत जगा. तरी वाडीच्या कट्ट्यावर पोरं अर्धा अर्धा तास सांगत असतात, 'शेवटचे दोघं उरलो, माझ्याकडे एकच ग्रेनेड, तो जिन्याखाली लपलेला...' ही गोष्ट कुणी लिहिलेली नाही, खेळवणुकीतून निघालेली आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइल या अशाच गेमवर बंदी आली तेव्हा पोरं हळहळली, ती कथानक अर्धवट राहिलं म्हणून का?

आणखी एक उदाहरण: इड सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'डूम' (1993) या बंदुकीच्या गेमचं काम सुरू असताना तिथल्या टॉम हॉलने भलंमोठं कथानक लिहिलं होतं. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकला त्याची गरज वाटेना. कथा असावी लागते, पण तिच्यावाचून अडत नाही, असं त्याचं मत. हॉल बाहेर पडला, कथानक जवळजवळ सगळं गळालं, आणि गेम तरी अजून खेळली जाते.

बाबाजीपुरा (वय 71)
मी व्हिडिओ गेम खेळत नाही, नातू खेळतो, पण हा वाद माझ्या ओळखीचा आहे. आमच्या लहानपणी घरात कापडावरचा मोक्षपट होता. घराघरांत पापपुण्यांची नावं, शिडी चढलात तर कुठल्या पुण्याने आणि सापाने गिळलंत तर कुठल्या पापाने, ते वाचायचं. आजची सापशिडी तीच आहे, पण घरांत नुसते आकडे. खेळवणूक (घ्या, वापरला तुमचा शब्द) टिकली, कथा गळाली, आणि पोरांना फरक पडलेला नाही. यावरून कोण मोठं ते ठरवा.

आणि शब्दांचं म्हणाल तर बडोद्याला हे काम नवं नाही. हुतूतू, खो-खोचे नियम बांधणाऱ्यांत आपला हिंदविजय जिमखाना होता, व्यायाम ज्ञानकोशाचे 10 खंड इथेच निघाले. पण नियम कागदावर आले तरी खो, गडी, बाद हे शब्द मैदानावरचेच राहिले. 'बाद'ऐवजी 'निष्कासित' लिहिलं असतं तर पंचाची जीभ अडकली असती. मुलं काय म्हणतात ते आधी विचारा.

रावपुरेकर
विचारलं, काका. मुलं 'गेमप्ले' म्हणतात.

सलाटवाडा
काकांच्या मोक्षपटावर एक शंका. पोरांना फरक पडला नाही, पण खेळाला पडला की. शिडीचं कारण गेल्यावर ती निव्वळ नशिबाची शिडी उरली. ती खेळवणूक कथेसाठीच रचली होती.

सुरसागरकाठ
सलाटवाड्याशी सहमत. माझं मत विचाराल तर पहिला मान खेळवणुकीचा, कारण हाताला कंटाळा आला की कथानकाच्या शेवटापर्यंत कुणी पोचतच नाही. पण उत्तम गेममध्ये कथानकसुद्धा हातांतूनच येतं. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (2013, दिग्दर्शक योसेफ फारेस) हे माझं लाडकं उदाहरण. खेळायची असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.

दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. एकाच कंट्रोलरवर डावा हात थोरल्याला चालवतो, उजवा धाकट्याला. दोघं कुठल्याच खऱ्या भाषेत बोलत नाहीत, नुसते ध्वनी आणि हातवारे. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून नदी आली की तो थोरल्याच्या पाठीवर. पुढे थोरला मरतो आणि तुमचा डावा हात रिकामा पडतो. परतीच्या वाटेवर धाकटा एकटाच पाण्याशी येतो. माझी भाची इथे उजवं बटण दाबत बसली होती. पोरगा पाण्याशी अडून उभा. ती म्हणाली, 'मावशी, गेम अटकली.' मग चुकून तिचं डावं बोट, म्हणजे थोरल्याचं बटण, दाबलं गेलं आणि धाकटा पोहायला लागला. ती माझ्याकडे बघायला लागली. संवाद नाही, निवेदन नाही, पाटी नाही. हा प्रसंग चित्रपटात दाखवता येईल, पण तिच्या बोटाला जे कळलं ते प्रेक्षकाला कळणार नाही.

आणि जिथे हे जमत नाही त्यालाही शब्द लागेल. 'बायोशॉक' या गेमवर टीका करताना क्लिंट हॉकिंग या गेम बनवणाऱ्याने 2007 मध्ये 'ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असं जबडातोड नाव पाडलं. कथानक एक शिकवतं, खेळवणूक दुसरंच करायला लावते. 'अनचार्टेड' या गेम-मालिकेचा नायक घ्या. गप्पिष्ट, दिलदार, सगळ्यांचा लाडका, आणि वाटेत शेकडो माणसं गोळ्या घालून मारतो. बनवणाऱ्यांना टीका इतकी ठाऊक होती की चौथ्या भागात (2016) 1000 शत्रू मारल्यावर 'ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' याच नावाची ट्रॉफी मिळते. मराठीत मी याला 'ओठात एक, बोटात एक' म्हणते.

वाडीकर
हे छापाच.

रावपुरेकर
मुलाला धागा दाखवला. तो 'खेळवणूक' घेतोय, पहिल्या वापराला शेजारी 'म्हणजे गेमप्ले' असं लिहून. लेखातली कथानक आणि गोष्ट त्याने वेगळी केली. त्यामुळे दोन परिच्छेद उडाले, कारण त्यांतला वादच उरला नाही. पुण्यात बनलेल्या 'राजी' (2020) या गेमवर त्याने लिहिलंय की बहीण भावाला शोधते तो भाग आणि भिंतींवरची चित्रं मनात राहतात, मारामारी मात्र हाताला जड जाते. तिथे आता 'कथानक सरस, खेळवणूक उणी' असं वाक्य आहे. मला वाचताना कुठे अडलं नाही.

एक राहिलं. 'कटसीन'ला, म्हणजे खेळ थांबवून मध्येच नुसता बघायला लावतात त्या प्रसंगाला काय? मंडळातले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक 'विष्कंभक' म्हणतात. दोन अंकांमध्ये, घडून गेलेलं आणि पुढे घडणारं सांगणारा तुकडा.

सलाटवाडा
सरांना नमस्कार सांगा, पण विष्कंभकात नायक येत नाही, दुय्यम पात्रं येऊन माहिती देतात. कटसीनमध्ये नायकच येऊन भाषण ठोकतो आणि आपले हात बांधलेले. 'प्रवेश' म्हणावं तर आपण आत होतो, तिथून बाहेर काढलेले असतो. कटसीनच राहू द्या.

रावपुरेकर
आणि मुलं ते 'स्किप' करतात त्याला?

बाबाजीपुरा (वय 71)
'गाळणे'. वर मॅडमनीच वापरलाय की.